'सगळंच व्हीगन आहे' म्हणून वाढलेल्या थाय करीतली कोळंबी : एक तक्रार पत्र

प्रति,
मा. संचालक / व्यवस्थापक

विषय : लाल थाय करीत कोळंबीची पेस्ट आढळल्याबद्दल, आणि त्यानंतर मिळालेल्या वागणुकीबद्दल तक्रार.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा मुलगा आपल्या व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही न वापरणाऱ्या, रेस्टॉरंटमध्ये जेवायला आलो होतो. आम्ही मागवलेल्या लाल थाय करीत कोळंबीची पेस्ट होती. हा माझा संशय नाही. आपल्याच किचनमधून आणून दाखवलेल्या डब्यावर, घटकांच्या यादीत ती छापलेली होती. माझ्या भाच्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा "लेखी द्या, बघतो" असे उत्तर मिळाले, म्हणून हे लेखी देत आहे.

टेबलावर बसल्या बसल्या मी नेहमीचा प्रश्न विचारला होता : दूध, अंडे, मध, मासळी यातले काही कशात नाही ना? वेटर हसून म्हणाला, "मॅडम, इथे सगळंच व्हीगन आहे. विचारायची गरजच नाही." मेनूकार्डाच्या पहिल्या पानावरही मोठ्या अक्षरांत तेच आहे. बहिणीने तरीही मुलाच्या अ‍ॅलर्जीबद्दल सांगितले. वेटरने मान डोलावली आणि ऑर्डर घेतली. करी आली, भाच्याने चार-पाच घास खाल्ले आणि ओठांना खाज सुटल्याचे सांगितले. पाहता पाहता मानेवर गांधी उठल्या. त्याच्याजवळ गोळी होती ती घेतली, आणि बहीण त्याला तडक डॉक्टरांकडे घेऊन गेली. बरोबर ठेवलेले इंजेक्शन वापरावे लागले नाही. डॉक्टरांनी मात्र काही तास नजरेखाली ठेवले, कारण असा त्रास ओसरल्यावर पुन्हा उसळू शकतो. मुलगा आता ठीक आहे.

मी मागे थांबले. मुलाच्या पोटात नेमके काय गेले ते डॉक्टरांना हवे होते, आणि ते फक्त आपले किचन सांगू शकत होते. पण किचनलाही ते ठाऊक नव्हते. नारळाचे दूध, भाज्या, टोफू आणि पेस्ट, एवढे सांगता आले. पेस्टमध्ये काय आहे, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी डबा मागितला. तो आला तेव्हा दर्शनी बाजूला मिरच्या आणि हिरव्या पानांचे सुंदर चित्र होते; मागे बारीक टायपात लाल मिरची, लसूण, गवती चहा, गलंगल (आल्यासारखा कंद), मीठ आणि ठळक अक्षरांत कोळंबीची पेस्ट. शेफचा चेहरा पडला. त्याने माझ्यासमोर आत ओरडून पातेले बाजूला काढायला लावले. या माणसाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. उद्या सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटू नये.

माझी खरी तक्रार त्यानंतर टेबलाशी आलेल्या व्यवस्थापकांबद्दल आहे. ते म्हणाले, "पेस्टमध्ये असून असून किती असणार? आणि करी चांगली उकळलेली असते. चवसुद्धा लागत नाही."

उकळण्याचे आधी सांगते. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्या बहुतेकांना ज्याचा त्रास होतो ते ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. तासभर उकळले तरी ते अ‍ॅलर्जी उठवतेच. 'किती असणार' याचे उत्तर भाच्याच्या मानेवर दिसत होते. आणि चवीचे म्हणाल, तर थाय स्वयंपाकात ही आंबवलेली पेस्ट, तिथे तिला कापी म्हणतात, चवीसाठीच तर घालतात! चव लागत नसती तर कारखानदाराने ती घातली कशाला असती?

कारखान्यात एकाच यंत्रावर दोन माल निघतात आणि 'यात अमुकचा अंश असू शकतो' अशी सूचना छापली जाते, ती गोष्ट वेगळी. व्हीगन म्हणजे अ‍ॅलर्जीमुक्त नव्हे, हे बहिणीला आणि मला चांगले कळते. अंशाची जोखीम आम्ही घरीही धरून चालतो. इथे अंश नव्हता. घटक होता.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपे हीच करी खात होते. त्यांना सांगा, असे मी व्यवस्थापकांना म्हटले. "उगाच घबराट कशाला?" असे उत्तर आले. शेवटी शेफ स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलला. त्या रात्रीच्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त संताप या एका वाक्याचा आला आणि अजून गेलेला नाही. चुकून वाढले गेले, हे मी समजू शकते. कळल्यानंतरही समोरच्याला खाऊ देणे ही चूक नव्हे, तो निर्णय आहे.

आपल्याला हे कदाचित जाणवत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतर कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये व्हीगन माणूस आधी चौकशी करतो आणि मग जेवतो. सूप कशाच्या पाण्यात शिजवले? नूडल्समध्ये अंडे आहे का? पेस्टोत पार्मेजान आहे का? (अस्सल पार्मेजानला वासराच्या जठरातले रेनेट लागतेच, त्या चीजचा तसा नियमच आहे.) सॉसमध्ये वूस्टरशायर पडते का, कारण त्यात अँचोव्ही मासळी असते. सोबतची मंडळी तोवर पाण्याचे ग्लास संपवतात, वेटर आत-बाहेर करून दमतो, आणि मीही ओशाळते. आपल्याकडे आम्ही येतो ते ही चौकशी आमच्या वतीने आधीच झालेली असते म्हणून. आम्ही पैसे मोजतो ते त्या निश्चिंतपणाचे. टोफू काय, घरीही परतता येतो. आपल्या दारातून आत आल्यावर आम्ही लेबल वाचणे सोडून देतो. मग ते दुसऱ्या कुणीतरी वाचलेच पाहिजे.

आपल्या किचनला हे जमत नाही असेही नाही. आपले रामेन, ते जपानी नूडल सूप, घ्या. त्याचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, एरवी सुकवलेल्या बोनितो माशाच्या कातळ्यांचा करतात. आपल्याकडे तो कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेले शिताके मशरूम यांचा असतो, आणि चवीत काहीही उणे वाटत नाही. वाटणारही नाही : कोंबूतले ग्लुटामेट हेच त्या मांसल चवीचे मूळ, हे किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्येच दाखवून दिले होते, आणि शिताकेतले ग्वानिलेट तिला आणखी उठाव देते. हा रस्सा करणाऱ्याने विचार केलेला आहे.

इथिओपियन ताट तर मी आजवर बाहेर खाल्लेल्या उत्तम पदार्थांपैकी एक आहे. तेफ या धान्याच्या पिठाचा आंबूस, जाळीदार, धिरड्यासारखा इंजेरा, त्यावर लाल मसुरीचे मिसिर वोत, डाळीच्या पिठाचे शिरो, पालेभाजी. हा पदार्थ ओढूनताणून व्हीगन केलेला नाही. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षाचा जवळपास निम्मा काळ उपवास पाळतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात आणि एरवी वापरायचे मसाल्याचे लोणी जाऊन त्याजागी तेल येते. म्हणजे शतकानुशतके घरोघरी घोटलेली पाककृती आपण उचलली आहे. अशा जागी कोळंबी निघते तेव्हा राग दुप्पट होतो.

माझा अंदाज असा आहे की पूर्वी आपण करीचे वाटण स्वतः करत होता आणि आता तयार डबे घेता. पूर्वीच्या करीत गलंगलचे धागे लागायचे, लिंबाच्या पानाचा वास वर यायचा. या वेळची करी गुळगुळीत आणि जरा जास्तच गोड होती. तयार डबे घेण्याला माझी हरकत नाही. छोटे किचन, हात कमी, मेनू पाच देशांचा, हे कळते. पण मग प्रत्येक डब्याची पाठ कोणीतरी वाचली पाहिजे, आणि पुरवठादार बदलला की पुन्हा वाचली पाहिजे. तयार किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोरियन भाजीत, बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. मार्गारीन वनस्पतिजन्य असे गृहीत धरतात, पण काहींत दुधातला व्हे असतो. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या कॉफीच्या भुकटीतही अनेकदा दुधातलेच केसिनेट निघते. लाल रंगासाठी ई 120 लिहिले असेल तर तो कोचिनील किड्यांपासून केलेला असतो. आपल्या मेनूत किमची आहे, केक आहेत, लाल आयसिंग आहे. आता मी यातले काहीही डोळे मिटून खाऊ शकत नाही.

आणि बकलावा. तो प्रसंग मी लिहिणार नव्हते, पण चित्र पूर्ण होत नाही. मी उठायला निघाले तेव्हा व्यवस्थापकांनी 'आमच्याकडून' म्हणून बकलाव्याची, त्या पाकातल्या सुक्यामेव्याच्या मिठाईची, बशी पुढे केली. मी विचारले, पाक कशाचा? ते अभिमानाने म्हणाले, "शुद्ध मधाचा." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "मध तर फुलांचाच ना!" त्या क्षणी मला हसू आले, हे कबूल करते. पण व्हीगन रेस्टॉरंटच्या व्यवस्थापकांना मध चालत नाही हे माहीत नसावे, म्हणजे प्रश्न एका डब्यापुरता उरत नाही. बकलावा नुसत्या साखरेच्या पाकातही होतो. तुर्की पद्धत बहुतांशी तीच आहे. पदार्थ बदलायचीही गरज नाही, बाटली बदला.

करीचाही उपाय असाच हाताशी आहे. थायलंडमध्येच प्राणिजन्य काहीही नसलेले 'जे' प्रकारचे जेवण मिळते, त्यासाठी दरवर्षी नऊ दिवसांचा उत्सव असतो, आणि पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर असलेली त्या प्रकारची तयार पाकिटे विकत मिळतात. त्यात लसूणही नसतो, पण तो वरून घालायला कोण अडवते? वाटण स्वतः करणार असाल तर कोळंबीच्या जागी आंबवलेले सोयाबीन घाला. उत्तर थायलंडमध्ये तुआ नाओ नावाने ते स्वयंपाकात वापरतातच. तेही नसेल तर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) चालेल, जो रामेनसाठी आपल्या फडताळात आहेच.

आता मला काय हवे ते. त्या रात्रीचे पूर्ण बिल परत करावे. काउंटरवर करीचे पैसे वजा करून बाकीचे माझ्याकडून घेतले गेले. तिघांपैकी एकाचेही जेवण झाले नव्हते. डॉक्टरांचा खर्चही आपण द्यावा. त्याची पावती बहीण वेगळी पाठवेल. तो डबा कधीपासून वापरात होता हे मला लेखी कळवावे आणि त्या काळात करी खाल्लेल्या ग्राहकांसाठी दर्शनी भागात तशी स्पष्ट सूचना लावावी. 'रेसिपीत सुधारणा केली आहे' असली गोड भाषा नको; कोळंबी होती असे लिहावे. किचनमधल्या प्रत्येक तयार मालाच्या लेबलची फाइल ठेवावी आणि ग्राहकाने मागितल्यास ती टेबलावर आणून दाखवावी. ते होईपर्यंत मेनूकार्डाचे पहिले पान झाकून ठेवावे. आणि अ‍ॅलर्जी सांगितल्यावर वेटरने मान डोलावण्याऐवजी ती ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहावी, एवढी शिस्त उद्यापासून लावता येईल.

व्यवस्थापकांनी माझी माफी मागावी अशी अपेक्षा नाही. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याची मात्र मागावी; त्यांनी टेबल आधी राखून ठेवले होते, म्हणजे त्यांचा नंबर आपल्याकडे असणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र, सोबतच्या फोटोंसह, मी अन्नसुरक्षेच्या संबंधित कार्यालयाला आणि ग्राहक आयोगाला पाठवीन. उत्तर आले आणि त्यात वरच्या गोष्टींची नोंद असली, तर ती वेळ येणार नाही.

कळावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, करी पेस्टच्या डब्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, मेनूकार्डाच्या पहिल्या पानाचा फोटो.