नानांचा हंसा: सुमीला पत्र

प्रिय सुमे,

इतके दिवस पत्र नाही म्हणून फुगली असशील. फुग, पण आधी हे ऐक. नानांचा हंसा गुलाब बुडापासून कापला गेला.

कुंपणाच्या कामाला आलेल्या माणसांनी मध्ये येतो म्हणून करवत लावली. मी घरी नव्हते. पुरुषभर उंचीचं झुडूप गं! सगळे म्हणतात, 'फुटेल की पुन्हा.' फुटेल, पण काय? हा प्रश्न तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

आता दोन तऱ्हेचे फुटवे आलेत: हंसाचा, आणि ज्यावर तो बांधला त्या जंगली गुलाबाच्या खुंटाचे. म्हणजे रोप कलमाचंच होतं. तू वर्षानुवर्षं 'स्वतःच्या मुळांवरचं' म्हणून भांडलीस. शेवटी मी जिंकले आणि जिंकून रडू येतंय.

'सात पानांचा तो जंगली' हा तुझा लाडका नियम इथे लावू नकोस. हंसा ज्या रुगोसा गुलाबांतला, त्या कुळालाच सात-नऊ पर्णिका असतात. मी देठाचं बूड बघते. खुंटाच्या फुटव्याला तिथे कंगव्याच्या दातांसारखी झालर आहे, काटे मोजके नि वाकडे. आपल्याची पानं सुरकुतलेली, काडीवर बारीक काटे इतके दाट की बोट टेकवायला जागा नाही. असा फुटवा एकच आहे, वीतभर.

खुंटाचे फुटवे माती उकरून मुळापासून ओढून काढले. वरून कापले तर बुडातले डोळे फुटून एकाचे चार होतात. तरी परवा आणखी एक वर आला! शेजारून औषध फवारायचा सल्ला आला, तो मी उडवून लावला. रुगोसाची पानं फवाऱ्याने करपतात. १९०५ पासून चालत आलेली ही जात उणे तीस अंशांत तगते, आणि एका दुपारच्या करवतीने जावी? तो लवंगेचा वास पुन्हा यायलाच हवा, सुमे.

फांदी पुरेशी वाढली की वाकवून मातीत दाब देणार आहे. मुळं धरली की खुंटाची कटकट कायमची संपली. मग तुझं म्हणणंही खरं होईल, भांड हवं तेवढं.

माझा गुडघा ठीक. तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. चिनूचा निकाल काय लागला?

नानांची बागेची वही तुझ्याकडेच आहे ना? दाब कलमाला त्यांनी कुठला महिना लिहिलाय, ते बघून लगेच कळव. पहिलं रोप तुझं.

तुझी,
मंदा