पाच क्विंटलचा रंग

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१८ जानेवारी २०२६

प्रिय गज्या,

तुझा फोन आला तेव्हा मी विहिरीवर होतो, म्हणून ‘मग सांगतो’ म्हणून ठेवून दिला. आता थ्री फेजची वाट पाहत शेतातल्या खोलीत बसलोय. हरभऱ्याला पाणी द्यायचंय आणि लाईट येते साडेबाराला. तेवढ्यात पत्रच लिहून काढतो. तुला तुझी जुनी येझ्दी रंगवायचीय, म्हणून तू विचारलंस, माझ्या बुलेटच्या रंगाला किती गेले. नुसता आकडा सांगितला असता तर तू ‘येडा झाला का बे’ म्हणून मोकळा झाला असतास.

साडेचौतीस हजार.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. हिशेब आमच्या घरात लगेच लागला होता. दिवाळीच्या तोंडावर कापूस मी खेड्यावरच्या व्यापाऱ्याला ६,९०० नं दिला, हमीभाव ८,११० असताना. हिनं बोटावर मोजलं आणि म्हणाली, “पाच क्विंटल कापूस तुम्ही त्या टाकीवर ओतला.” बरोबर पाच. हमीभावानं गेला असता तर सव्वाचारात भागलं असतं, असं मी म्हणालो. त्यावर तिनं जे पाहिलं ते पत्रात लिहिता येत नाही.

पण गज्या, खरी गोष्ट अशी की ही गाडी मी दोनदा रंगवली. पहिल्यांदा ३,५०० मध्ये. तू तेव्हा पुण्यात नवीन होतास, २०१७ ची गोष्ट. तालुक्याच्या एका गॅरेजात दिली, चौथ्या दिवशी गाडी हातात. अशी काळी कुळकुळीत, की बाबांनी स्वतः बाहेर येऊन दोन चकरा मारून पाहिली. महिनाभरानं पंपावर टाकी फुल करताना झाकणाशी थोडं पेट्रोल सांडलं. फडक्यानं पुसलं तर रंगही फडक्यावर आला. झाकणाभोवती सुरकुत्या, दुधावरच्या सायीसारख्या. तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, थिनरमध्ये विरघळवून मारायचा. पेट्रोल पडलं की मऊ होतो. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग पहिल्या पावसाळ्यात मागच्या मडगार्डला फोड आले. नखानं एक फोड उकरला तर आत पुट्टी, पुट्टीखाली लाल गंज. गंज न काढताच वरून लिंपलं होतं. त्या माणसाला तरी काय बोलणार? ३,५०० मध्ये तो गंज खरवडत बसला असता तर त्याची चूल कशी पेटली असती?

म्हणून या वेळी नागपूर. एका मित्राच्या ओळखीनं वाडीच्या पुढे एक पेंटर सापडला, जुन्या गाड्यांचंच काम करतो. मी श्रावणात फोन केला तर म्हणाला, “दिवाळीनंतर आणा जी. आत्ता हवेत पाणी हाये.” दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते म्हणे. मग मी म्हटलं, उन्हाळ्यात आणली असती तर? तर तेही नाही. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत रंग पत्र्यावर पसरायच्या आधीच वाळतो, आणि वर दाणे दाणे राहतात. त्या दोषाला सगळे पेंटर ‘ऑरेंज पील’ म्हणतात. नागपुरात बसून संत्र्याच्या सालीला भिणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

गाडी पूर्ण खोलून न्यायची, हे त्यानं आधीच बजावलं होतं. ते काम मी आणि आपल्या स्टॅंडवरच्या मेकॅनिकनं अंगणात केलं, तीन रविवार लागले. प्रत्येक वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि नटबोल्ट चिवड्याच्या रिकाम्या पाकिटांत, वर चिठ्ठी लावून. यात चार-पाच हजार वाचले. तूही हेच कर. फक्त चिठ्ठी पेनानं लिही, पेन्सिलीचं ऑइलमध्ये काही उरत नाही. मला दोन पाकिटं ओळखू आली नाहीत आणि शेवटी तीन बोल्ट जास्तीचे उरले. गाडी चालते आहे, म्हणून मी त्यांचा विचार सोडून दिला आहे.

आता पैसे कुठे गेले ते सांगतो. चेसिस, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), दोन्ही स्टॅंड हिंगणा एमआयडीसीत पाठवले: वाळूचा मारा करून लोखंड पांढरं केलं आणि पावडर कोटिंग. ती रंगाची भुकटी विजेच्या जोरावर लोखंडाला चिकटते आणि भट्टीत दोनशे डिग्रीच्या आसपास वितळून एकजीव होते. ५,५००. तिथे एक गोष्ट लक्षात ठेव. चेसिस नंबरवर आणि बेअरिंगच्या जागांवर टेप लावून दे आणि टेप लावली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आरटीओत नंबर वाचता आला नाही तर रंग कितीही भारी असो, गाडी कागदावर बेवारस.

टाकीच्या तळाची शिवण गंजून झिरपत होती, ती आणि दोन पोचे, २,८००. हॅंडल, सायलेन्सर, हेडलाईटची रिंग क्रोमला दिली, ६,१००. पिकअपनं जायचं-यायचं भाडं ३,६००. आणि टाकी, दोन मडगार्ड, बाजूचे दोन डबे, हेडलाईटचं घर, एवढ्या पत्र्याच्या रंगाचे १५,०००.

मी तिथेच अडलो. म्हटलं, “भाऊ, एवढ्या पत्र्याले लिटरभर तरी रंग लागते का?” तो म्हणाला, “नाई लागत. रंगाचे कुठं घेऊन राह्यलो? पैसे घासाचे हायेत.” मग त्यानं बोटं मोडून सांगितलं: प्रायमर, पुट्टी, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर), रंग पक्का करणारा हार्डनर, घासायचा पेपर सगळं मिळून ५,२००. बाकी ९,८०० हातांचे. दोन माणसं, अकरा दिवस. आपल्या गवंड्याच्या रोजाशी ताडून पाहा, माणसी साडेचारशेही पडत नाहीत. त्यानंतर मी घासाघीस केली नाही. (घासाघीस हा शब्द त्या दिवसापासून मला वेगळाच ऐकू येतो.)

एक दिवस मी तिथे मुद्दाम बसून राहिलो. टाकीवर राखाडी प्रायमर चढलेला होता. मला तर तो काचेसारखा सपाट दिसत होता. पेंटरच्या हाताखालच्या पोरानं त्यावर काळ्या रंगाचा नुसता धूर मारला, ठिपके दिसतील इतपतच. मग रबराच्या ठोकळ्याला चारशे नंबरचा पेपर गुंडाळून पाण्यासोबत घासायला बसला. घासता घासता काळं निघून जात होतं, पण झाकणाच्या डावीकडे पैशाएवढा काळा डाग राहिला. “दिसला का? खड्डा हाये थो,” तो म्हणाला. जिथे पत्रा केसभर खाली आहे तिथे ठोकळा पोचत नाही, म्हणून काळं राहतं. पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर, पुन्हा धूर, पुन्हा घासणं. त्या एका पैशाएवढ्या डागासाठी दुपार गेली. मी म्हटलं, राहू दे, कोणाला दिसतं? तर म्हातारा पेंटर तिकडून ओरडला, “काळा रंग हाये साहेब, काळ्यात लपत नाई काई.” तो स्वतः डोळे मिटून तळहात फिरवत होता टाकीवरून, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आणि एक सांगायचं राहिलं. जुना रंग उतरवताना त्यानं एका जागी आधी पेपरनं हळू घासून मला बोलावलं. कडेला वर्तुळं दिसत होती, झाड कापल्यावर दिसतात तशी. सगळ्यात वर माझं २०१७ चं काळं. त्याखाली राखाडी. मग मरून, ते ताईच्या लग्नाच्या वर्षी, १९९८ ला बाबांनी मारून घेतलेलं, कारण तिला काळी गाडी वरातीत नको होती. त्याखाली पुन्हा काळं, कारखान्याचं, १९८६ चं, आणि मध्यभागी उघडा पत्रा. बाबा तेव्हा सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते, आठवतं ना? बोंडं चिमटीत धरून धागा ओढून पाहायचे, आणि शेतकरी त्यांच्या तोंडाकडे. त्याच टाकीला गुडघ्यांच्या जागी रंग जाऊन दोन चकाकते डाग पडले होते. २०१७ ला मीच ते बुजवले होते आणि मला तेव्हा काहीही वाटलं नव्हतं. या वेळी मी पेंटरला विचारलं, एखादा डबा जुनाच ठेवता येईल का? म्हणाला, “ठेवतो ना. पन लोक म्हनतीन, याचे पैसे कमी पडले.” मग राहू दिलं. त्या वर्तुळांचा फोटो तेवढा आहे मोबाईलमध्ये, तुला पाठवतो.

रंग त्यानं बंद खोलीत मारला, खाली पाणी शिंपडून, धूळ बसावी म्हणून. आधी काळा बेस, वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर. हे हार्डनरचं रसायन असतं, एकदा पक्कं झालं की पेट्रोलला भीक घालत नाही. पण मारताना त्यातल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला वाईट. त्यानं तोंडाला डबीवाला मास्क लावला होता. आपल्याकडे पोरं दुपट्टा बांधून मारतात, आणि त्या ३,५०० मध्ये तेही धरलेलं असतं.

आता राहिल्या सोनेरी रेघा, आणि इथे खरी मजा आली. बुलेटच्या टाकीवरच्या त्या दोन रेघा मद्रासच्या कारखान्यात हातानंच ओढायचे, हे तुला माहीत आहे. नागपूरवाला म्हणाला, स्टिकर ४०० मध्ये लावून देतो, हात माझा चालत नाही. स्टिकर मला नको होता. तेव्हा मला आपला पाटीवाला आठवला. तोच, ग्रामपंचायतीपासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्या पाट्या ज्यानं लिहिल्या, आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल अजून रंगवतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ११०० आणि एसटीचं भाडं. दोन्ही मिळून १,५०० झाले. खारीच्या शेपटीचे दोन ब्रश गोडेतेलात भिजवून, कागदात गुंडाळून, खिशात घालून तो माझ्यासोबत नागपूरला आला.

तिथे दोघांचं जुंपलं. पेंटर म्हणे, रेघ क्लिअरच्या खाली पाहिजे, नाहीतर पेट्रोलनं जाईल. पाटीवाला म्हणे, माझा ऑइल पेंट आहे, त्यावर तुझं क्लिअर पडलं की तो आक्रसेल. दोघांचंही खरं. शेवटी पेंटरनं आपल्याच पीयू सोनेरीत हार्डनर मिसळून दिला. पाटीवाल्यानं दोन रेघा जुन्या पत्र्यावर ओढून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं, “ब्रशातच सुकते लेकाचं.” मग करंगळी टाकीच्या कडेला टेकवली, श्वास धरला, आणि एका दमात मागून पुढे. हात चालत नव्हता, तो अख्खा कमरेतून सरकत होता. उजवी बाजू अशी उतरली की नागपूरवाल्यानं चहा सांगितला. डावीकडे मधेच रंग घट्ट झाला आणि गुडघ्याजवळ रेघ केसभर जाड झाली. तो लगेच पुसायला निघाला, मी हात धरला. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र गाडीवर बसलं की पहिली तीच दिसते.

तुझ्या येझ्दीचं म्हणशील तर आधी रंगाचा विचार करूच नको. लोहचुंबक घे आणि टाकीवर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे जुनी पुट्टी आहे, आणि पुट्टीच्या खाली काय निघेल ते देव जाणे. कोणी नुसता फोटो पाहून भाव सांगितला तर त्याच्याकडे देऊ नको. किती दिवस घासणार, एवढंच विचार. आणि मैसूरच्या कारखान्यातली असली तरी तुझ्या काकांनी तिच्यावर निळा ऑइल पेंट ब्रशनं फासलेला मी पाहिला आहे, तेव्हा घासाचे दिवस दोन जास्तच धर.

उद्या मी तुमच्या गोठ्यात जाऊन टाकी काढून ठेवतो. गेल्या वर्षी झाकणात गांधीलमाशांनी घर केलं होतं, काकूंना सांग की दुपारी पोरांना तिकडे जाऊ देऊ नका.

स्टार्टर वाजला. लाईट आली. जातो.

तुझाच,
बंड्या