करंगळी चालू दे

शहादा
ता. १८ जून

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्पॅनिशच्या वर्गासाठीच्या नियमांचा कागद मोबाइलवर आला तेव्हाच वाचला, पण अक्षर मुंगीएवढं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि लाल पेन घेऊन बसले. तुझे बाबा म्हणाले, “अगं, तिने मत विचारलंय, पेपर तपासायला नाही दिला.” अठ्ठावीस वर्षांची खोड आहे ती. कागद समोर आला की हात आपोआप पेनाकडे जातो.

सहावीचा वर्ग, चौतीस मुलं, आठवड्याला तीन तास, स्पॅनिश सगळ्यांनाच नवी, आणि पहिल्या दिवशी वाचून दाखवायचे नियम सतरा. सतरा! माझ्या पहिल्या शाळेत पटावर मुलं सतरा होती, आणि त्यातली यायची नऊ.

बरेचसे नियम चांगले आहेत, तिथे नुसती बरोबरची खूण केली. दोनशे पानी वेगळी वही, मागच्या पानांवर शब्द, पुल्लिंगी निळ्या पेनने आणि स्त्रीलिंगी लाल पेनने, हे तर मला फार आवडलं. शब्द एकटा लिहायचा नाही, त्याचं लिंग सांगणारं ‘एल’ किंवा ‘ला’ सोबत घेऊनच लिहायचा, हेही. ‘ला मानो’ म्हणजे हात, शेवटी ओ असून स्त्रीलिंगी. ‘एल मापा’ म्हणजे नकाशा, शेवटी आ असून पुल्लिंगी. याला कानाची सवय हाच उपाय. तुझ्या वर्गातलं कोणी घरी ‘माझा बस आला’ म्हणत असेल, तर सांग त्याला की बस आपल्याकडे बाई आणि स्पॅनिशमध्ये बुवा, दोन्हीकडे नीट बोलायचं. गृहपाठ उशिरा आला तर अर्धे गुण, ठीक. च्युइंगम बंद, ठीक. (ते बाकाखाली चिकटवतातच. बघशील.) प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह विसरलं तर अर्धा गुण कापणार, हे मात्र जरा कडक वाटलं. स्पेनच्या भाषा अकादमीने ते १७५४ साली घालून दिलं असं तूच सांगितलंस, आणि तिथल्या लोकांच्याही ते लगेच अंगवळणी पडलं नव्हतं. पोरांना पहिली चाचणी होईपर्यंत सूट दे.

आता नियम चौथा.

“स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी फक्त स्पॅनिशमध्ये मागावी.” वाक्यही दिलंयस, ‘पुएदो इर अल बान्यो?’ आणि खाली ठळक अक्षरांत, इतर भाषेत विचारल्यास परवानगी मिळणार नाही. फोनवर तू म्हणालीस की बऱ्याच स्पॅनिश वर्गांत असंच असतं, आणि मुलांना सगळ्यात आधी पाठ होतं ते हेच वाक्य, कारण गरज असली की भाषा पटकन येते. तुझं बरोबरच आहे. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगते.

१९९४ साली मला धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरच्या शाळेची ऑर्डर मिळाली. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ साली झाला. आम्ही तेव्हा धुळे जिल्हा परिषदेचे. मुलं पावरी बोलणारी. मला पावरीचा गंध नाही, त्यांना मराठीचा नाही. शिस्त पहिल्याच आठवड्यात लागली पाहिजे, असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून नियम केला: बाहेर जायचं तर उभं राहून, पूर्ण वाक्यात विचारायचं, ‘बाई, मी बाहेर जाऊ का?’ परिपाठ झाला की रोज दहा वेळा म्हणून घ्यायचे. सगळे मिळून खणखणीत म्हणायचे. मला वाटलं, आलं.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या ओळीतला एक मुलगा पाटी पोटाशी घट्ट धरून बसला होता. मी फळ्यावर घर काढत होते. तो उभा राहिला, “बाई” म्हणाला आणि पुढचं त्याला येईना. सगळ्यांबरोबर म्हणताना यायचं, एकट्याला येईना. मी म्हटलं, “हं, पुढे?” माझं ‘हं, पुढे?’ तुला माहीत आहे, तूही ऐकलंयस. तो खाली बसला. थोड्या वेळाने सारवलेल्या जमिनीवर ओल पसरली, आजूबाजूची मुलं सरकली. त्याने पाटी पुसायचं फडकं घेतलं आणि कोणाकडे न बघता ती ओल पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत होता.

मग आठ दिवस तो आलाच नाही. मी त्याच्या घरी गेले, तर मला बघून कणगीमागे लपला.

त्यानंतर माझ्या वर्गात करंगळी सुरू झाली. करंगळी वर केली की जायचं, मी मान हलवायचीही वाट बघायची नाही. वाक्य शिकवणं मी सोडलं नाही, फक्त ते जातानाचं येताना नेलं. परत येऊन दारात उभं राहायचं आणि ‘बाई, आत येऊ का?’ विचारायचं. जाताना पोराचा जीव कासावीस झालेला असतो, येताना ते मोकळं असतं, चुकलं तर हसतंसुद्धा. दिवाळीपर्यंत सगळी मुलं दारातून ओरडत होती. काही तर बाहेर न जाताच दाराशी जाऊन विचारायची, मजा म्हणून. तो मुलगाही त्यांत होता.

तेव्हा चौथ्या नियमावर माझी लाल रेघ आहे. सहामाहीपर्यंत करंगळी चालू दे. तुझ्या शाळेत टाइल्स आहेत, पुसायला मावशी आहेत, पण अकरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलापेक्षा लाज जास्त असते.

आता पहिला नियम, ज्याला तू चौकटच घातलीयस. घंटा झाल्यापासून घंटा होईपर्यंत फक्त स्पॅनिश. यामागचा हेतू मला कळतो. आठवड्यातले ते तीन तास सोडले तर पुण्यात त्यांच्या कानावर स्पॅनिश पडणार कुठून? फर्ग्युसन रस्त्यावर तर नाहीच. तू जास्तीत जास्त स्पॅनिश बोल, हातवारे कर, दार उघडून दाखव, पडून दाखव. पण मुलांनी बोलायचं कशाने? म्हणून चार वाक्यं आधी दे आणि मगच नियम लाव. ‘नो एन्तिएन्दो’, मला कळलं नाही. ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’, जरा सावकाश. ‘कोमो से दीसे’ अमुक, अमुकला काय म्हणतात. आणि ‘ओत्रा बेस’, पुन्हा एकदा. ही तुझ्या कागदावर कुठेच नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, देवनागरीतही लिही, आणि वर्षभर पुसू नकोस.

युरोप परिषदेने २००१ साली काढलेल्या चौकटीतला, भाषा किती येते याच्या पायऱ्यांचा तो तक्ता तू मला मागे दाखवला होतास, ए वन, ए टू वगैरे. ए वनसमोर काय लिहिलंय ते मी तुझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं, आठवतं? साधा संवाद करता येतो, समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर. म्हणजे पहिल्या पायरीवर समोरच्या माणसावरही अट आहे. आणि वर्गात समोरचा माणूस म्हणजे तू. कागदावर मुलांसाठी सतरा नियम आहेत, बाईंसाठी एकही नाही. अठरावा तू स्वतःसाठी लिही आणि त्यांच्यादेखत वाचून दाखव.

आणि मराठीला वर्गाबाहेर चपलांशेजारी ठेवू नकोस. गेल्या उन्हाळ्यात आपण अढीतले आंबे निवडत होतो तेव्हा तूच मला सांगितलंस: ‘मे गुस्ता एल मान्गो’, मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मान्गोस’, मला आंबे आवडतात. आंब्याचे आंबे झाले की आवडतो चं आवडतात होतं, तसंच तिकडे गुस्ता चं गुस्तान. आवडणारा ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि क्रियापद चालतं आंब्याच्या मागे. तू म्हणालीस, इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे महिनोन्‌महिने अडखळतात, कारण इंग्रजीत आवडणारा कर्ता असतो. अगं मग तुझ्या वर्गाला तर हे घरून येतं! इंग्रजी शाळेतली म्हणून त्यांना स्पॅनिशपर्यंत इंग्रजीच्या वाटेने कशाला फिरवून नेतेस? त्या दिवशी पाच मिनिटं मराठी बोल, एक आंबा घेऊन जा, आणि मग दार लाव.

त, द, प, क हे उच्चारही आपल्या पोरांचे आयतेच जवळचे. तू आणि तुम्ही यातला फरक त्यांना ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणून लगेच कळेल. (माझी पावरी पोरं मला “ए बाई, तू” म्हणायची. पहिल्या वर्षी रागावले, दुसऱ्या वर्षी सोडून दिलं, तिसऱ्या वर्षी बदली झाली तर रडले.) पहिल्या तासाला त्यांना पगार, पाव, चावी, बटाटा, बादली हे शब्द दे. पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले, आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिथे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं, ‘पान’ म्हणजे पाव, ‘पाताता’ म्हणजे बटाटा. घरी जाऊन आजीला सांगतील बघ.

नववा नियम, प्रत्येकाने स्पॅनिश नाव घ्यायचं. याला माझा विरोध आहे, आणि तो मी जरा जोरात लिहितेय. आम्ही पटावर मुलांची नावं ‘सुधारून’ लिहायचो. आईबापांनी ठेवलेलं नाव आमच्या कानाला नीट लागायचं नाही, मग आम्हीच एखादं शहरी नाव ठोकून द्यायचो. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची, मग सगळ्यांची १ जून. त्या रजिस्टरात अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला आहे, त्यातल्या काही नोंदी माझ्या अक्षरात आहेत, आणि ती माणसं आता त्याच तारखेने निवृत्त होतील. तुझं नाव ठेवणं खेळातलं आहे, माहीत आहे मला. पण पहिल्या दिवशी ‘मे यामो’ म्हणून मूल जे नाव सांगेल ते त्याचंच असू दे. उलट त्याच नावांत तुझा धडा आहे. तिथे ह चा उच्चार होत नाही, म्हणजे त्यांच्या हातात रोमन अक्षरांतला हर्ष पडला तर आर्श होणार. हे त्यांना पाब्लो आणि लूसियापेक्षा जास्त लक्षात राहील.

भाषांतराचं अॅप बंद, यावर मात्र दोनदा बरोबरची खूण. एखादा शब्द शोधला तर शोधू दे, अख्खं वाक्य नको. आमच्या वेळी अॅप नव्हतं, गाइड होतं. सातवीतल्या मुलीने ‘माझी शाळा’ निबंधात लिहिलं होतं, “आमच्या शाळेची भव्य तीनमजली इमारत लांबूनच लक्ष वेधून घेते.” आमची शाळा एका खोलीची, पत्र्याची. मी तिला बाहेर नेलं आणि म्हटलं, दाखव दुसरा मजला. दोघी हसलो, मग तिने गळणाऱ्या पत्र्यावर पाच ओळी लिहिल्या. तुझ्या मुलांनीही ‘माझं घर’ लिहिताना पोहण्याचा तलाव आणला तर शून्य देऊ नकोस, घराचं चित्र काढायला सांग आणि त्यातल्याच वस्तूंची नावं लिहून घे.

राहिला बोलण्याच्या गुणांचा नियम. रोज हात वर करणाऱ्याला वीस पैकी वीस, आणि गप्प बसणाऱ्याचं काय? तुझ्या त्या अभ्यासक्रमातले भाषातज्ज्ञ क्राशन म्हणतात ना, नवी भाषा शिकताना काही काळ माणूस नुसता ऐकत असतो, आणि ते ऐकणंही शिकणंच असतं. मला क्राशन आत्ता कळले, पण अशी मुलं दरवर्षी भेटली. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत सांगितलेलं ऐकून उठलं, पुस्तक उघडलं, खिडकीकडे बोट दाखवलं, यालाही गुण ठेव. सगळे मिळून म्हणणं, मग बाक-बाक, मग जोडीजोडीने, आणि एकट्याला सगळ्यात शेवटी.

प्रिंट मी तशीच घडी करून बाबांच्या हाती देते, ते २५ तारखेला पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर तूरडाळ आणि तिखट पाठवते. डाळीला ऊन दाखवलंय, तरी डबा घट्ट लाव.

तुझी
आई

ता. क. हजेरीच्या यादीत एक जुई दिसली. स्पॅनिशमध्ये ज चा ख होतो म्हणालीस, म्हणजे तिचं खुई होणार. वर्गात ते निघायच्या आधी तिला एकटीला बोलावून सांगून ठेव, आणि हवं तर वर्गाला ते तिलाच सांगू दे.