पेरूजा : पाण्याच्या वाटेने पाहण्याचे शहर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील इटलीविषयक लेखात उंब्रिया प्रांतातील पेरूजा हे डोंगरमाथ्यावरचे शहर दोन तासांत उरकण्याजोगे ठरवले आहे, ते पटले नाही. मुख्य चौकातील फोंताना माज्जोरे या कारंज्यासमोर छायाचित्रे काढून बसकडे परतायचे, हा सहल कंपन्यांचा शिरस्ता लेखातही आहे. परंतु हे कारंजे समजून घ्यायचे तर ज्या वाटेने त्याचे पाणी आले ती वाट पायी चालली पाहिजे.

चढाच्या धास्तीने ज्येष्ठांनी मागे राहण्याचे कारण नाही. पायथ्याच्या पार्तिजानी चौकातून सरकते जिने रोक्का पाओलिना या किल्ल्याच्या पोटातून वर नेतात. मिठाच्या करावरून १५४० मध्ये शहराने केलेले बंड मोडून काढल्यावर पोप तिसरे पॉल यांनी शहरावर सत्ता गाजवणाऱ्या बाल्योनी घराण्याच्या वस्तीवरच हा किल्ला बांधवला. एकोणिसाव्या शतकात नागरिकांनी तो बराचसा पाडून टाकला, तरी तळाशी गाडल्या गेलेल्या त्या वस्तीच्या गल्ल्या छताखाली शाबूत आहेत आणि आज त्यांतूनच ये-जा चालते. (तेथील अळणी पावाचा संबंधही याच मिठाशी जोडतात, पण ती दंतकथा असावी.)

वर आल्यावर कोर्सो वान्नूच्ची या रुंद रस्त्याने सरळ चौकात जावे. निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या पितापुत्रांनी १२७५ ते १२७८ या काळात घडवलेल्या कारंज्याच्या खालच्या कुंडाभोवती बारा महिन्यांची कामे कोरली आहेत. द्राक्षे तुडवणारा, डुक्कर कापणारा, अशी साधी माणसे तेथे शिल्पात येऊन बसली आहेत. पाच किलोमीटरांच्या आत असलेल्या पाच्चानो डोंगरावरून शहरात पाणी आले, त्या आनंदाचे हे स्मारक आहे.

म्हणूनच येथून मागे न फिरता, कमानींखालून उतरत व्हिया आप्पिया या गल्लीच्या पायऱ्यांवरून, कारंज्याला हे पाणी पुरवणाऱ्या जुन्या जलसेतूकडे जावे. पाणी बंद झाल्यावर त्याच्या माथ्याची पायवाट झाली. दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढीच ती रुंद असून दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, काही घरांची दारे तर छोट्या पुलांनी थेट वाटेलाच जोडलेली आहेत. माझ्या मते सबंध शहरात याहून अधिक पाहण्याजोगे काही नाही, आणि नेमके हेच लेखात नाही.

तेथून रोमनांपूर्वी येथे नांदलेल्या एत्रुस्कन लोकांची कमान जवळच आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील तिचे अवाढव्य दगड चुन्याविना रचलेले असून वर ‘आउगुस्ता पेरूसिया’ हा रोमन काळातील लेख वाचता येतो. पायांत बळ असेल त्यांनी पुढे कोर्सो गारिबाल्दीचा चढ चढून सान मिकेले आर्कांजेलो हे सोळा खांबांचे गोल चर्च पाहावे. खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले असल्याने एकसारखे नाहीत.

या वाटेला सावकाश चालून अर्धा दिवस पुरतो. मात्र जलसेतूकडची उतरण पायऱ्यांची आणि तीव्र आहे, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी चौकातून थेट एत्रुस्कन कमानीकडे जावे. पुरवणीच्या पुढील अंकात या मार्गाचा छोटासा नकाशा छापता आल्यास स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करणाऱ्या वाचकांची सोय होईल.

आपला,
एक वाचक, पुणे