तोर्तोलेरो सर, त्या दिवशी दाराशी तिकीट नव्हतं

आदरणीय कार्लोस तोर्तोलेरो सर,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुम्ही उभारलेल्या संग्रहालयाबद्दल लिहायचं आहे. शिकागोत शिकायला आले त्या पहिल्याच वर्षी, ऐन पितृपंधरवड्यात बाबा गेले. विमानाच्या तिकिटाचे पैसे जमले नाहीत. अंत्यदर्शन फोनवरच घेतलं. ऑक्टोबरात पिल्सेन या शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीत नुसतीच भटकत असताना नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टसमोर आले. पर्समध्ये परतीच्या ट्रेनपुरते पैसे. भीतभीतच तिकीट विचारलं. ‘इथे सगळ्यांना मोफत,’ दाराशी उत्तर मिळालं.

आत ‘दिआ दे मुएर्तोस’चं, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या दिवसाचं, प्रदर्शन होतं. गेलेल्या माणसासाठी मांडलेल्या ओफ्रेंदा: फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, पाव, त्याच्या आवडीचं खाणं आणि झेंडूच झेंडू. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मला तिथे कळलं. आमच्याकडे पितरांचं पान वाढतात तेही असंच, आवड आठवून. बाबांना अळूवडी लागायची. मी बाकावर बसून पोटभर रडले. कुणी हटकलं नाही.

हे दार कुणी उघडं ठेवलं, ते नंतर वाचलं. १९८२ साली तुम्ही, हेलन व्हाल्देझ आणि आणखी काही शिक्षकांनी मिळून ही संस्था सुरू केलीत. हाताशी ९०० डॉलर, इमारत नाही. १९८७ मध्ये हॅरिसन पार्क या बागेतल्या, पूर्वी होड्यांची कार्यशाळा असलेल्या इमारतीत संग्रहालय सुरू झालं. मोठी संग्रहालयं शहराच्या मध्यभागी असताना तुम्ही ते मेक्सिकन कुटुंबांच्या वस्तीतच थाटलंत. मला हाच निर्णय सगळ्यांत मोठा वाटतो. २००१ मध्ये इमारत वाढली, २०२१ मध्ये दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी ८० लाख डॉलर दिले, तरी प्रवेश मोफतच राहिला. २०२३ अखेर तुम्ही निवृत्त झालात, तेव्हाच हे पत्र लिहायला हवं होतं.

माझे बाबाही शिक्षक. शाळेच्या वाचनालयासाठी पावतीपुस्तक घेऊन ते गावभर फिरायचे. पाच रुपये देणाऱ्यालाही पावती फाडून द्यायचे. त्यामुळे ९०० डॉलरांवर पाच वर्षं धीर धरणं म्हणजे काय, याचा थोडा अंदाज मला आहे.

आता नोकरी लागली आहे. दर ऑक्टोबरात येते, ओफ्रेंदांसमोर उभी राहते, जमेल ती देणगी देते आणि पावती बाबांच्या नावाने मागते.

आपली कृतज्ञ,
शिकागोतली एक मराठी मुलगी