मोठे आतडे काढले तरी यकृताची तपासणी सुटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १९ मे रोजी जागतिक आयबीडी दिन पाळला जातो आणि त्या सुमारास अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स या आतड्यांच्या दाहक विकारांवर वृत्तपत्रांतून चांगले लेख येतात. पथ्यपाणी, मानसिक ताण, नव्या इंजेक्शनांचा खर्च असे बरेच काही त्यांत असते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या यकृताविषयी मात्र सहसा एक ओळही नसते. स्टोमा असलेल्या, म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर काढलेल्या रुग्णांची निगा राखणारी परिचारिका म्हणून मी दीर्घकाळ काम केले आहे, म्हणून हे पत्र.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो तेव्हा तो अगदी जेरीस आलेला असतो. आधी आव पडते म्हणून गोळ्या, मग रक्त दिसते म्हणून मूळव्याधीचे मलम, पुढे कधीतरी कोलोनोस्कोपी, स्टिरॉइडचे डोस, आणि सगळे थकल्यावर मोठे आतडे काढण्याचा निर्णय. त्यानंतर रक्त जायचे थांबते, अंगावर मांस धरते, ‘रोग मुळासकट गेला’ असे घरचे म्हणतात, आणि मोठ्या आतड्यापुरते ते खरेही असते. शल्यविशारदांचे काम तिथे चोख संपलेले असते. अडचण अशी की, त्याबरोबर पोटविकारतज्ज्ञाकडे जाणेही संपते.

या रुग्णांपैकी थोड्यांना, अंदाजे शंभरात पाच किंवा त्याहून कमी जणांना, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस नावाचा पित्तनलिकांचा विकार असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात पीएससी म्हणतात. उलट बाजूने पाहिले तर पाश्चात्त्य देशांत पीएससीच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना आतड्यांचा दाहक विकारही आढळतो. या विकारात यकृताच्या आतल्या-बाहेरच्या पित्तनलिका सुजून जागोजागी आवळल्या जातात, पित्त तुंबते आणि वर्षानुवर्षांनी यकृत कठीण होत जाते. मोठे आतडे काढल्याने हा विकार थांबत नाही. तो आपल्या चालीने पुढे जातो, आणि काहींमध्ये तर शस्त्रक्रिया होऊन बराच काळ लोटल्यावर पहिल्यांदा लक्षात येतो. पित्तनलिका व पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्यात वाढतो, म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

तो लक्षात यायला उशीर का होतो, याचे एक कारण आपल्या रिपोर्ट वाचण्याच्या सवयीत आहे. लिव्हर फंक्शन टेस्टचा कागद हातात आला की रुग्णाची नजर बिलिरुबिन आणि एसजीपीटी या दोन आकड्यांवर जाते. ते ठीक दिसले की कागद फाइलमध्ये जातो. पीएससीमध्ये बऱ्याचदा हे दोन आकडे फारसे बिघडलेले नसतात आणि खालच्या ओळीतला अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पित्त तुंबले की वाढणारे एन्झाइम, तेवढा वाढलेला असतो. तो हाडांमुळेही वाढतो, वाढत्या वयाच्या मुलांत तर स्वाभाविकपणेच, म्हणून सोबत जीजीटी हे यकृताचे दुसरे एन्झाइम पाहावे लागते. साधी सोनोग्राफी पुष्कळदा निर्दोष येते. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केल्यावरच मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या पित्तनलिका नजरेस पडतात. रुग्णाची तक्रारही फसवी असते. रात्री तळहात-तळपायांना खाज सुटते, ती ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जा आणि कैलास जीवन मलमावर ढकलली जाते. थकव्याला तर कोणीच मोजत नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. यकृत कठीण झाले की आतड्यांकडून त्याच्याकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त दुसऱ्या वाटा शोधू लागते. स्टोमाच्या कडेला आतड्याच्या शिरा आणि पोटाच्या कातडीच्या शिरा एकमेकींना भेटतात, त्यामुळे तिथे हा दाब सहज बाहेर येतो. स्टोमावर मळ गोळा करायला लावलेल्या पिशवीची कातडीला चिकटणारी चकती काढली की स्टोमाभोवतीच्या कातडीवर निळसर-जांभळे कडे दिसते, बोटाने हलके दाबले की ते फिके पडते आणि बोट उचलताच पुन्हा भरते. अशा ठिकाणी एखाद्या दिवशी अचानक, न दुखता, पिशवी रक्ताने भरू शकते. चकतीचे भोक लहान कापले गेल्याने घासून येणारे रक्त वेगळे. ते थेंबाथेंबाने येते आणि भोक नीट कापले की थांबते. जांभळ्या कड्यातून येणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरून तडक मोठे रुग्णालय गाठावे लागते. तिथेही नुसता टाका घालून किंवा शिर जाळून भागत नाही, कारण मूळ दाब यकृतात असतो आणि रक्तस्राव पुन्हा होतो. म्हणूनच ज्याला पीएससी आहे, त्याला कायमचा स्टोमा द्यावा की लहान आतड्याचाच पाऊच, म्हणजे पोटाच्या आतली पिशवी, करून गुदद्वाराशी जोडावा, याचा विचार यकृताची अवस्था पाहून शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवा. पाऊचची ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये मांडली. पीएससी असलेल्यांत पाऊचला सूज येण्याचे प्रमाण जास्त असते, हेही त्या विचारात धरावे लागते.

क्रोन्सच्या रुग्णांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांचे बहुधा लहान आतड्याचे शेवटचे टोक काढले जाते, आणि पित्तातली आम्ले परत शोषून यकृताकडे पाठवण्याचे काम तेच टोक करते. ते गेले की जुलाब होतात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. वारंवार शस्त्रक्रिया होऊन आतडे फारच आखूड राहिले आणि महिनोन्महिने शिरेतून पोषण द्यावे लागले, तर यकृतावर त्याचा ताण येतो. अशा वेळी तोंडावाटे जितके अन्न झेपेल तितके देत राहणे यकृताच्या हिताचे असते. आपल्या देशात आणखी एक भर पडते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की अनेकांना आधी क्षयाची औषधे दिली जातात, आणि त्यांतली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड जाऊ शकतात. पुढे अॅझाथायोप्रीन किंवा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू राहिली तर ठरावीक काळाने रक्त तपासावेच लागते, आणि बायोलॉजिक इंजेक्शने सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी टाळता येत नाही.

गावठी औषधांबद्दल लिहिले की लोक रागावतात, तरी लिहिते. कावीळ दिसताच ती उतरवून घ्यायला जाणारे आजही कमी नाहीत, आणि पित्तनलिका तुंबलेल्या रुग्णाचे मोलाचे दिवस त्यात जातात. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे तर शस्त्रक्रिया झालेल्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा सुचवतो. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, हेही खरे. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. ज्याचे यकृत आधीच संशयात आहे, त्याने तोवर प्रयोग करू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

रुग्णालयांना माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. आतड्यांच्या दाहक विकारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे आणि पिशवी कशी बदलायची हे लिहिलेले असते. त्याखालीच शस्त्रक्रियेआधीचा अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा, पुढची यकृताची तपासणी कोणत्या महिन्यात करायची आणि ती कोणत्या डॉक्टरांना दाखवायची, हे मराठीत लिहून द्यावे. कार्ड हल्ली संगणकातल्या ठरावीक नमुन्यावरूनच छापले जाते, त्यामुळे त्यात एका रकान्याची भर घालणे कोणत्याही विभागप्रमुखाच्या अधिकारात बसण्यासारखे आहे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिचारिका, सांगली