गलबतांच्या वह्याही उघडा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मूळ कोकण किनाऱ्यावरच्या, पण आता सोलापूरकर झालेल्या घरांच्या वंशावळी आम्ही लावतो. जमीन कसणारा पूर्वज सापडतो, कारण त्याच्यामागे सात-बारा आणि फेरफार असतो. गलबताचा प्रमुख असलेल्या तांडेलाचा किंवा हाताखालच्या खलाशाचा माग मात्र दोन पिढ्यांत तुटतो. त्याची नोंद शेतात नव्हती, बंदरात होती.

कुणबी नोंदींसाठी 2023 पासून राज्यभर कोतवाल बुके (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या), शाळांची रजिस्टरे आणि मोडी दप्तरे तपासली गेली, स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. सरकारने मनावर घेतले की हे होते, हे सगळ्यांनी पाहिले. तेच काम किनाऱ्यावरच्या बंदरांतल्या जुन्या वह्यांसाठी व्हावे, एवढेच आमचे मागणे.

सुरुवात गावातूनच करावी लागते. कोतवाल बुकात 'बुडून मयत' दिसले की आधी महिना पाहावा. गलबते पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असत आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरत. आषाढातले बुडणे बहुधा खाडीतले किंवा ओढ्यातले. पौष-माघातले असेल तर व्यापारी फेरीचा संशय धरावा. उलट, जो मलबारात नारळ-काथ्या भरताना वारला, त्याची नोंद गावात नसण्याचाच संभव जास्त. गावात नाव नाही म्हणून माणूसच नव्हता, असे धरून कितीतरी वंशावळी तिथेच थांबवल्या जातात.

पुढची कडी गलबताची. 1838 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांना नोंदणी क्रमांक आणि बंदराचे नाव रंगवणे सक्तीचे झाले. खरा धागा हा क्रमांकच. 'लक्ष्मीप्रसाद' नावाची गलबते बंदरोबंदरी असत, त्यामुळे नुसत्या नावावर शोधणारा हमखास दुसऱ्याच्या पूर्वजापाशी पोचतो. नोंदणीचे बंदर म्हणजे तांडेलाचे गाव असेही नाही. मालवणचा तांडेल मुंबईत नोंदलेल्या फतेमारीवर (मोठ्या व्यापारी गलबतावर) असू शकतो. शिवाय कागदावर ठळक नाव मालकाचे असते. म्हणून सूची करताना तांडेल, त्याचा बाप आणि गाव हे तीन रकाने वेगळे हवेत. आडनावाचा रकाना पुरणार नाही, कारण जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच येते.

मोडी वाचता आली म्हणजे झाले, असेही नाही. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेर 79. फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, मृग नक्षत्रापासून (जूनपासून) डिसेंबरपर्यंत 590, पुढे 591. इथे वर्षाची चूक झाली तर बाप-लेकांची अदलाबदल होते. गलबताचे माप खंडीत असेल तर तिथेही जपावे. मुंबईची खंडी 560 पौंडांची, म्हणजे चार खंड्यांचा एक टन. दुसऱ्या बंदरातली खंडी निराळी असू शकते. 'दोनशे खंडी' वाचून लगेच पन्नास टनी गलबत लिहू नये.

दप्तर कुठे शोधायचे, हाही घोळ आहेच. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा. त्याआधीचे मालवण-वेंगुर्ले रत्नागिरीत पाहावे लागते. मुरूड-श्रीवर्धन जंजिरा संस्थानात, सावंतवाडी स्वतंत्र संस्थान. पेशव्यांच्या आरमाराचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात.

पुराभिलेख संचालनालय आपल्याकडे आहे. बंदरे विभागाला बरोबर घेऊन प्रत्येक बंदर कार्यालयातल्या जुन्या वह्यांची आधी नुसती यादी करा: बंदर, वर्षे, लिपी, पाने, कागदाची अवस्था. कस्टमच्या वह्यांसाठी केंद्राला लिहावे लागेल. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा 1892 पूर्वीचे कागद, अगदी वाचण्यापलीकडे गेलेले सोडले, तर नष्ट करू देत नाही, याची त्या पत्रात आठवण द्यावी. स्कॅन करताना पानाची कड कापू नये. गलबताचा क्रमांक किंवा 'बुडाले' हा शेरा समासात असू शकतो.

आणि हे सगळे सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या संगणकावर पाहायला मिळावे. एका पानासाठी साडेचारशे किलोमीटर मुंबई गाठणे म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, आणि घरातल्या तांडेलाचे नाव अजून त्यांनाच ठाऊक आहे.

आपले,
वंशावळ अभ्यासक, सोलापूर